आधी रान ठरवा, मग बंदूक

पत्र मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं आहे. थोडक्यात असं:

"ताई, मी मूळचा बार्शीकडचा. चार वर्षांपासून इथे एच-वन-बी व्हिसावर आहे. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर होती. ती मी फक्त भिंतीवर टांगलेली पाहिली. ऑफिसातले चौघे दर ऑक्टोबरात साउथ डकोटाला फेझंटच्या (लांब शेपटीच्या, रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या) शिकारीला जातात, यंदा मलाही चल म्हणतायत. त्यांच्यातला एक जण त्याची जुनी बारा बोअर दोनशे डॉलरला देतोय. तीस इंची नळी आहे, फुल चोक आहे. घेऊ का? की नवी घेऊ? सगळं मिळून आठशे डॉलर खर्च करू शकतो. माझी उंची पाच फूट पाच इंच. कुत्रा नाही, रानाची माहिती नाही. पहिल्यांदा कुठे जावं? बायकोला घरात बंदूक नकोय, मुलगी चार वर्षांची आहे. शिवाय ती विचारते, मारलेला पक्षी आपण खाणार का?"

ती दोनशे डॉलरची बंदूक घेऊ नका. का ते पुढे सांगते. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या ऑफिसातल्या चौघांपैकी कुणीही तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यांना ती कधी लागलीच नसेल.

तुम्ही एच-वन-बीवर आहात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला तुमच्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम उलटा आहे. आधी शिकारीचा परवाना, मग बंदूक. मित्राची बंदूक रेंजवर दोन मिनिटं हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं, तेव्हा "जरा चालवून तर बघ" म्हणून कुणी हातात दिली तर नम्रपणे नको म्हणा. दुकानात खरेदीचा केंद्रीय फॉर्म भराल त्यातही व्हिसाचा प्रश्न असतो. तिथे हा परवाना दाखवावा लागतो.

यातली खरी मेख पुढे आहे. मिनेसोटाचा परवाना फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपतो. हंगाम संपला, बंदूक कपाटात ठेवली आणि परवाना विसरलात, तर एक मार्चच्या सकाळी तुम्ही घरबसल्या केंद्रीय गुन्ह्यात असता. दरवर्षी नवा परवाना निघाल्याबरोबर घ्या, शिकारीला जाणार असा नाहीतर नसा. बायको एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असेल तर तिलाही हाच नियम लागू आहे. तिच्याकडे स्वतःचा परवाना नसेल तर कपाटाची किल्ली तुमच्याचकडे राहिली पाहिजे. आणि खरेदीच्या आधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने इतका खर्च करावा.

परवान्यासाठी आधी सुरक्षिततेचा कोर्स लागतो. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला मिनेसोटात तो सक्तीचा आहे. प्रौढांना ऑनलाइन करता येतो. पण माझं ऐका, शक्य असेल तर प्रत्यक्ष वर्ग गाठा. कुंपण ओलांडताना बंदूक कशी उघडून द्यायची, कशी घ्यायची, हे पडद्यावर बघून हाताला लागत नाही.

आता रान. तुम्ही बंदूक आधी विचारलीत आणि जागा नंतर. बहुतेक सगळे असंच विचारतात, मीही विचारलं होतं. पण कोणता पक्षी, किती अंतरावर, कसल्या झाडीतून उठणार हे कळल्याशिवाय बंदूक निवडायची कशी?

साउथ डकोटाचं नाव मोठं आहे आणि ते खरंही आहे. फेझंट हा त्या राज्याचा राज्यपक्षी, जरी तो मूळचा चीनचा आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑरेगनमध्ये आणून सोडलेला असला तरी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम उघडतो आणि त्या आठवड्यात तिथल्या गावांत मोटेलची खोली मिळत नाही. पण तिथे गटाने शिकार करण्याची जी पद्धत आहे ती नवशिक्यासाठी मला अजिबात पसंत नाही. आठ-दहा जण रांगेने मक्याचं शेत तुडवत निघतात, दोघं-तिघं पलीकडच्या टोकाला उभे राहतात. पक्षी टोकाजवळ एकदम उठतात, दहा, वीस, तीस. नर मारायचा, मादी नाही. समोर माणसं, बाजूला माणसं, खाली कुत्री. वीस वर्षं बंदूक हाताळलेल्या माणसाचंही तिथे क्षणभर भान सुटतं. तुमच्या आयुष्यातली पहिली गोळी त्या गर्दीत सुटू नये. ऑफिसातल्या मंडळींना सांगा, यंदा नाही, पुढच्या वर्षी नक्की येतो.

यंदा तुम्ही उत्तरेला जा, रफ्ड ग्राउझसाठी. हा तितराच्या जातकुळीतला जंगलातला पक्षी.

मिनियापोलिसहून तीन तासांवर ग्रँड रॅपिड्स आहे. तिथून बेमिजीकडे चिपेवा नॅशनल फॉरेस्ट पसरलंय. हे सरकारी जंगल. कुणाच्या दाराची कडी वाजवून परवानगी मागावी लागत नाही, आणि आपल्यासारख्या नव्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. शिवाय राज्याच्या वन्यजीव खात्याने ग्राउझच्या शिकाऱ्यांसाठी पायवाटा राखल्या आहेत. त्यांच्या तोंडाशी फाटक असतं, मोटारगाड्यांना बंदी असते, आणि कित्येक वाटांवर क्लोव्हर (चाऱ्याची तीनपानी वनस्पती) पेरलेलं असतं. ग्राउझ ते खायला येतो. नकाशे खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

पण नकाशावर सगळं जंगल हिरवंच दिसतं. तुम्हाला हवं ते रान ओळखायचं कसं? अॅस्पनचं झाड शोधा. तिकडचे लोक त्याला पॉपल म्हणतात. अॅस्पन तोडलं की मुळांतून शेकडो फुटवे येतात आणि दहा-वीस वर्षांत मनगटाएवढ्या जाडीच्या खोडांची दाट काठ्यांची भिंत उभी राहते. ग्राउझला हेच लागतं: वरून ससाणा शिरणार नाही इतकं दाट, पण खाली पायाने चालता येईल इतकं मोकळं. उंच, जुनं, देखणं जंगल, जिथे तुम्हाला फोटो काढावासा वाटेल, तिथे बहुधा ग्राउझ नसतो. जिथे शिरताना टोपी अडकते तिथे असतो. त्यातही दोन प्रकारची झाडी जिथे मिळते ती कड धरा, एका बाजूला कोवळं अॅस्पन आणि दुसऱ्या बाजूला ओलसर जमिनीतली आल्डरची झुडपं. पाच वर्षांपूर्वी तोड झालेला तुकडा अजून कच्चा आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा उतरणीला लागलाय.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, पण तेव्हा पानं इतकी असतात की पक्षी फक्त ऐकू येतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पानं गळतात, तेव्हा जा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरणांचा रायफलचा हंगाम सुरू होतो. तेवढे दिवस तुम्ही जंगलापासून लांबच राहा. भडक केशरी किंवा भडक गुलाबी रंगाचं किमान एक वस्त्र कमरेच्या वर दिसेल असं घालणं कायद्याने बंधनकारक आहे. मी म्हणते टोपी आणि जाकीट दोन्ही केशरी घ्या.

कुत्रा नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ग्राउझची शिकार कुत्र्याविना होते, आणि ती शिकण्यासारखी आहे. दहा-पंधरा पावलं चाला, थांबा. मनातल्या मनात वीस आकडे मोजा. चालत्या माणसाला पक्षी जाऊ देतो, दबा धरून बसतो. थांबलेल्या माणसाने त्याचा धीर सुटतो. मग पायाजवळून भर्रर असा आवाज येतो, छातीत धडकी भरते, आणि करड्या-तांबूस रंगाची एक रेघ झाडांतून निघून जाते. पहिले पाच-सहा वेळा तुम्ही बंदूक खांद्याला लावेपर्यंत ती रेघ संपलेली असेल. त्यात काही बिघडलं नाही. मिनेसोटात ग्राउझची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात वरखाली होते, त्यामुळे एखाद्या वर्षी दिवसभरात दोनदाच तो आवाज आला तर स्वतःला किंवा रानाला दोष देऊ नका.

आता ती जुनी बारा बोअर. तीस इंची नळी आणि फुल चोक ही बदकांची बंदूक आहे, उघड्या पाण्यावर चाळीस यार्डांवरून जाणाऱ्या पक्ष्यासाठी बनवलेली. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला आवळा. आवळा जितका घट्ट, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात. ग्राउझ उठतो पंधरा-वीस यार्डांवर. तिथे फुल चोकचे सगळे छर्रे ताटाएवढ्या जागेत जातात, म्हणजे एकतर पक्षी साफ चुकेल किंवा त्याचा चेंदामेंदा होईल. वर ती लांबलचक नळी अॅस्पनच्या काठ्यांत दर दोन पावलांनी अडकेल. तिसरी अडचण उद्याची आहे. पुढे फेझंटसाठी तुम्ही पश्चिमेकडच्या वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियांवर जाल. त्या पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या केंद्राच्या जमिनी आहेत आणि तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, बहुतेक जण पोलादाचे वापरतात. पोलाद शिशासारखं दबत नाही. जुन्या पक्क्या फुल चोकमधून ते मारणं म्हणजे नळीशी खेळणं.

तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे: वीस बोअरची पंप (नळीखालची पकड हाताने मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची बंदूक), आखूड दस्त्याची, चोक बदलता येणारी.

बोअर, ज्याला इकडे गेज म्हणतात, त्याचा हिशेब जुना आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एक गोळा जेवढा जाड, तेवढी बारा बोअरची नळी. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान, म्हणून वीसची नळी अरुंद. वीस बोअरची बंदूक सहा-साडेसहा पौंडांची मिळते, दिवसभर हातात वागवता येते, खांद्याला दणका कमी बसतो. दणक्याची भीती एकदा अंगात शिरली की चाप ओढताना डोळे मिटायला लागतात, आणि ती खोड मोडायला वर्षं लागतात. आजोबांची बारा बोअर होती म्हणून आपलीही तीच हवी, ही ओढ मला कळते. पण आजोबा रानडुकरं हाकलत होते.

मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७० या दोन्ही पंप बंदुका वर्षानुवर्षं चालतात, दुरुस्तीचे भाग कुठेही मिळतात, आणि वीस बोअरची नवी साधारण चारशे ते साडेपाचशे डॉलरमध्ये बसते. मॉसबर्गची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, त्यामुळे डावखुऱ्यालाही सोयीची. दुनळी, म्हणजे एकावर एक नळ्यांची बंदूक मला स्वतःला जास्त आवडते, कारण ती उघडली की रिकामी आहे हे शेजाऱ्यालाही लांबून दिसतं. पण तुमच्या पैशांत चांगली दुनळी येत नाही, आणि स्वस्त दुनळीपेक्षा साधी पंप कधीही बरी.

दस्त्याची लांबी मात्र मनावर घ्या. इथल्या बंदुका सहा फुटी माणसाच्या मापाच्या असतात, दस्ता चौदा इंचांच्या आसपास. तुमच्या उंचीला तेरा इंचांचा 'कॉम्पॅक्ट' दस्ता बसेल. दुकानात जाताना शिकारीला घालाल तेच जाड जाकीट घालून जा. बंदूक रिकामी आहे हे स्वतः तपासा, दुकानदाराला विचारून मोकळ्या भिंतीकडे तोंड करा, डोळे मिटून ती खांद्याला आणि गालाला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाचा मणी सरळ समोर दिसला तर माप जमलं. नळीच्या मागच्या लोखंडाचाच उंचवटा दिसला, किंवा मान ताणावी लागली, तर दुसरी बघा. लहान मुलांची बंदूक म्हणून विकतात म्हणून लाजू नका. मी अजूनही तीच वापरते.

ग्राउझसाठी इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे सैल आवळ्याचा चोक लावा आणि साडेसात नंबरचे छर्रे घ्या. छर्ऱ्यांचा आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. फेझंटला मॉडिफाइड, म्हणजे मधल्या आवळ्याचा चोक, शिशाचे पाच किंवा सहा नंबर, आणि पोलाद असेल तर दोन आकडे खाली, म्हणजे तीन-चार. तीन इंची मॅग्नमच्या डब्या बघून भुलू नका, पावणेतीन इंचाचं काडतूस पुरतं.

एक धोका इथेच सांगते. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची का असतात माहीत आहे? वीसचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेलं तर ते सरकून नळीत पुढे अडकतं. चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून माणूस मागून बाराचं घालतो. ते सुटलं की नळी हाताजवळ फुटते. पुढेमागे मित्रांच्या बारा बोअरबरोबर चालाल तेव्हा त्यांची काडतुसं तुमच्या खिशात आणि तुमची त्यांच्या खिशात, असं कधीही होऊ देऊ नका.

आठशेतले उरलेले पैसे मातीच्या तबकड्यांवर घालवा, म्हणजे यंत्राने हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरायच्या सरावावर. ऑगस्टपासून दर आठवड्याला पंचवीस तबकड्यांची एक फेरी. बंदूक खांद्याला आधीच लावून उभे राहू नका, कमरेजवळ धरा आणि तबकडी सुटल्यावर उचला, कारण रानात तुम्हाला तसंच करावं लागणार आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? माझ्या पहिल्या हंगामात मी सराव न करता, कुणाचीतरी जड बारा बोअर घेऊन, कुत्र्याशिवाय फेझंटला गेले होते. लांबचा होता, मारू नये इतका लांब, तरी मी चाप ओढला. नर खाली आला, पाय तुटलेला नव्हता, पळत पाणकणसांच्या गर्दीत शिरला. अंधार पडेपर्यंत मी गुडघाभर चिखलात ते रान उलटंपालटं केलं. सापडला नाही. तो रात्रभर तिथेच कुठेतरी होता, हे मला अजून आठवतं. म्हणून कुत्रा मिळेपर्यंत फेझंट नको म्हणते, आणि म्हणूनच तीस यार्डांपलीकडचा पक्षी जाऊ द्या म्हणते. ग्राउझ जमिनीलगत खालून उडत असेल, मागे काय आहे ते दिसत नसेल, तरीही जाऊ द्या.

तुमच्या पत्नीचं म्हणणं योग्य आहे आणि तिला तसं सांगा. बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, रिकामी. काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा मिनेसोटात गुन्हा आहे. कपाटाचे पैसे आठशेतच धरा, आणि बंदुकीच्या आधी कपाट घरी येऊ दे.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण बार्शीचा माणूस आहे म्हणून मनात येणारच: गावाकडे गेल्यावर तितर? नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे आणि ते बरंच झालं. तुमच्या जिल्ह्यातल्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे आणि माळढोक दिसणं मुश्कील झालंय. इथे शिकार चालते ती हिशेबावर: ग्राउझ दिवसाला पाच, मिनेसोटात फेझंट सुरुवातीला दोन नर, आणि १९३७च्या कायद्यापासून लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर थेट रानाच्या आणि पक्ष्यांच्या कामाला जातो. तुम्ही घेतलेल्या काडतुसाच्या डबीतही तो असेल.

आणि हो, खायचाच. नाहीतर मारायचा नाही. ग्राउझचं मांस पांढरं, कोवळं, कोंबडीपेक्षा रुचकर असतं. त्यावर बार्शीचा काळा मसाला ओतू नका, त्याची चवच मरेल. छातीचे तुकडे हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवा, तुपावर भर आचेवर दोन-तीन मिनिटं परता, शेवटी मिरपूड आणि लिंबू. पायांचं पिठल्यासारखं दाट कालवण होतं, तिथे काळा मसाला चालेल. छर्रा राहिलाय का ते वाढण्याआधी बोटांनी चाचपून बघा, मुलीच्या ताटात तर नक्कीच.

पक्षी हाती आला की तिथेच त्याच्या गळ्यातली दाण्याची पिशवी चाकूने उघडा. क्लोव्हरची पानं निघाली तर पुढचे दोन तास पायवाटेच्या कडेने चाला. अॅस्पनच्या कळ्या किंवा लाल बेऱ्या निघाल्या तर वाट सोडून आत शिरा.